तालमीतील मुलगा आणि त्याचा प्रेक्षक : जपानी ‘आयडॉल’ मोबाइल गेम व मराठी संगीत नाटक मंडळी

बीजशब्द : आयडॉल, गाचा, तालीम, नाटक मंडळी, बालनट, वन्समोअर

प्रस्तावना

‘तालीम’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी वावरतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत आल्यावर तो एकीकडे लाल मातीच्या आखाड्याला चिकटला आणि दुसरीकडे नाटकाच्या पूर्वतयारीला. दोन्ही ठिकाणी शिकणारा बहुधा मुलगा किंवा तरुण असे, शिकवणारा वस्ताद किंवा तालीम मास्तर असे, आणि दोघांच्या भोवती शिक्षण पूर्ण होण्याआधीच कौतुकाने पाहणारा एक समाज उभा असे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आज पाणलोटाच्या कामासाठी आणि गावाच्या पाण्याच्या ताळेबंदासाठी ओळखले जाते. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरची ही ओळख आहे; त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या गावाची त्याआधीची ओळख मात्र पहिलवानांची होती. आपल्या गावचा पोरगा हगाम्यात कोणाशी जोड लावतो, त्याच्या दुधातुपाचे कोण पाहते, तो अंगाने भरतो आहे की नाही, हा ज्या गावांत रोजच्या बोलण्याचा विषय असे, अशा गावांपैकी ते एक. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची वाताहत झाली आणि ही ओळखही मागे पडली. खुराक पिकावर अवलंबून असतो, ही गोष्ट इतिहासकार फारशी नोंदवीत नाहीत.

तयार झालेल्या कलावंताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ‘तयार होत असलेला’ मुलगा लोकांना का प्रिय होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचे निमित्त जपानमधील एका मनोरंजनप्रकाराचे आहे. पुरुष गायक-नर्तकांच्या शिक्षणावर बेतलेले मोबाइल गेम 2010 नंतरच्या दशकात तेथे मोठ्या संख्येने निघाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर ते आता इंग्रजी आवृत्त्यांच्या द्वारे पोहोचले आहेत, परंतु अध्यापकवर्गाला त्यांची ओळख क्वचितच असते. ती करून देताना त्यांच्या शेजारी मराठी संगीत नाटक मंडळ्यांचा अनुभव ठेवला, तर दोन्हींविषयी काही नवे दिसू लागते.

‘आयडॉल’ म्हणजे काय

जपानीत ‘आइदोरु’ हा शब्द रूढ होण्याचे एक निमित्त म्हणून 1964 मध्ये तेथे प्रदर्शित झालेल्या एका फ्रेंच चित्रपटाकडे बोट दाखवले जाते. त्यातील सिल्व्ही वार्तां या गायिकेचे गाणे तेथे अतिशय गाजले. पुढे 1970 च्या दशकात दूरचित्रवाणीवरील किशोरवयीन गायक-गायिकांसाठी तो शब्द स्थिर झाला. ‘आयडॉल’ हा उत्तम गायक असेलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. तो चाहत्यांच्या डोळ्यांदेखत शिकत जातो, चुकतो, सुधारतो. त्या प्रवासाशी चाहत्याचे नाते जडते. आपल्याकडील घराणेदार गायकीच्या कल्पनेला हे अगदी उलटे वाटेल, कारण तेथे शिष्याने वर्षानुवर्षे पडद्याआड राहायचे आणि गुरूची आज्ञा झाल्यावरच बैठकीत बसायचे असा दंडक. आयडॉलच्या व्यवसायात रियाज हाच जलसा ठरतो.

या व्यवसायाचे गेममधील रूप प्रथम मुलींच्या बाबतीत आले. नामको कंपनीने 2005 मध्ये ‘द आयडॉलमास्टर’ हे खेळयंत्र आणले. त्यात खेळणारा स्वतः गायक नसतो, तो गायिकांचा ‘प्रोड्यूसर’ असतो. पुरुष आयडॉलांच्या बाबतीत 2010 मध्ये ब्रोकोली या कंपनीने काढलेला ‘उता नो प्रिन्ससामा’ हा गेम महत्त्वाचा. त्यातील कथा आयडॉल घडविणाऱ्या एका शाळेत घडते आणि नायिका संगीतकार होऊ पाहणारी विद्यार्थिनी आहे. मोबाइल गेमचा काळ त्यानंतरचा. 2014 मध्ये ‘आयडॉलमास्टर’ची ‘साइड एम’ ही पुरुषशाखा निघाली. तिच्यातील पात्रे वकिली, डॉक्टरी, वैमानिकी असे व्यवसाय सोडून रंगमंचाकडे आलेली आहेत. 2015 मध्ये ‘एन्सेम्बल स्टार्स’ आणि ‘आयडॉलिश सेव्हन’ हे दोन्ही गेम आले, आणि 2017 मध्ये ‘ए थ्री’.

यांपैकी ‘एन्सेम्बल स्टार्स’ची रचना विशेष बोलकी आहे. युमेनोसाकी नावाच्या कल्पित खासगी विद्यालयात आयडॉल होण्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आहेत. खेळणारी व्यक्ती तेथे नव्यानेच दाखल झालेली, ‘प्रोड्यूसर’ अभ्यासक्रमाची पहिली विद्यार्थिनी असते. मुलांचे गट आहेत, गटागटांत स्पर्धा आहे, विद्यार्थिमंडळाची सत्ता आहे आणि त्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला एक लहान गटही आहे. कथा लिखित स्वरूपात, प्रकरणाप्रकरणांनी उलगडते. त्यामुळे हे गेम खेळणे म्हणजे बऱ्याच अंशी क्रमशः कादंबरी वाचणे होय. मुलांना ‘शिकवणे’ म्हणजे पडद्यावरील धडे देऊन त्यांच्या गायन, नृत्य, अभिनय यांच्या अंकांत भर घालणे.

‘गाचा’ची यंत्रणा

हे गेम उतरवून घेण्यास पैसे पडत नाहीत. मग व्यवसाय चालतो कसा? त्याचे उत्तर ‘गाचा’ या शब्दात आहे. जपानमध्ये दुकानांबाहेर नाणे टाकून कळ फिरवली की बंद गोळ्यातून एखादे खेळणे बाहेर येते, अशी यंत्रे असतात. कळ फिरण्याच्या आणि गोळा पडण्याच्या आवाजावरून त्यांना ‘गाचापोन’ म्हणतात. आपल्या यात्रेतील चिठ्ठी काढण्याच्या खेळाचा हा चुलतभाऊच. मोबाइल गेममध्ये गोळ्याऐवजी पात्रांची चित्रपत्ती मिळते. तोच मुलगा, पण नव्या पोशाखात, नव्या प्रसंगात, नव्या कथाभागासह. दुर्मिळ पत्ती निघण्याची शक्यता शेकडा काही मोजक्या अंशांची असते आणि ठरावीक मुदतीनंतर ती पत्ती उपलब्धही राहत नाही. ठरावीक पत्त्यांचा संच पुरा केल्यास मोठे बक्षीस देणारी ‘संपूर्ण गाचा’ ही पद्धत 2012 मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार यंत्रणेने कायद्याविरुद्ध ठरवली. साधी गाचा मात्र राहिली.

येथे लक्षात घेण्याजोगा मुद्दा असा, की पैसे देणारी व्यक्ती केवळ चित्र विकत घेते असे तिला वाटत नाही. आपल्या आवडत्या मुलाला आपण वर नेत आहोत, त्याच्या कष्टाला आपण दाद देत आहोत, ही तिची भावना असते. जपानीत चाहतेपणाच्या या प्रकाराला ‘ओशी’, म्हणजे पाठीमागून पुढे ढकलणे, या अर्थाचा शब्द आहे. ती भावना खोटी म्हणता येत नाही. तिचा हिशेब मात्र तिच्या हाती नसतो.

बिऱ्हाडातील मुले

1880 च्या 31 ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. स्त्रियांची कामे पुरुषांनीच करावयाची असल्याने मंडळ्यांना गोड गळ्याची मुले सतत लागत. मंडळी ही कलासंस्था होती, तशीच ती फिरते कुटुंबही होती. मुक्काम पडेल तेथे बिऱ्हाड, एकत्र पंगत, सकाळी गाण्याची मेहनत, दुपारी संहितेची तालीम, रात्री प्रयोग. मुलगा मंडळीत आला की त्याच्या जेवणाखाण्याची, कपड्यालत्त्याची आणि शिक्षणाची जबाबदारी मालकाची. त्याबदल्यात त्याचा गळा मंडळीचा. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखे तालीम मास्तर शब्दोच्चारापासून पदराच्या टोकापर्यंत सर्व काही घटवून घेत. भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाची तालीम नारायणराव राजहंस आणि कृष्णराव फुलंब्रीकर या दोघांनाही मिळाली, ही मंडळीच्या शिक्षणाची उंची. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’ किंवा चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही आत्मचरित्रे या जीवनाकडे पाहण्यासाठी आजही उपयोगी पडतात. अर्थात ती टिकून राहिलेल्यांनी लिहिलेली आहेत.

या मुलांना ‘मास्टर’ हे उपपद लागे. मास्टर कृष्णराव, मास्टर दीनानाथ ही नावे तशीच रूढ झाली, आणि मोठेपणीही ती तशीच राहिली. प्रेक्षकांनी एकदा ‘तालमीतला मुलगा’ म्हणून स्वीकारलेल्या माणसाला मोठे होण्याची परवानगी भाषाही सहजी देत नाही, असे यावरून म्हणावेसे वाटते. दीनानाथ मंगेशकर किशोरवयात किर्लोस्कर मंडळीत आले आणि 1918 मध्ये, अवघ्या सतरा-अठराव्या वर्षी, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’चे भागीदार झाले. केशवराव भोसले ‘शारदे’च्या भूमिकेतून लहानपणीच गाजले आणि 1908 मध्ये हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. केवळ मुलांच्या बळावर उभ्या राहिलेल्या मंडळ्याही होत्या. दामुअण्णा जोशी यांची ‘बालमोहन’ ही त्यांपैकी प्रसिद्ध. आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ 1933 मध्ये तिनेच रंगभूमीवर आणले, आणि सौदागर गोरे हा मुलगा तिच्यातूनच ‘छोटा गंधर्व’ म्हणून पुढे आला.

नारायणराव राजहंस 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले असे परंपरेने सांगितले जाते. त्या नावातील ‘बाल’ हे पद वरील मुद्द्याच्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची कन्या वारली. प्रयोग झाला. ही घटना मराठी रंगभूमीच्या इतिहासात कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु प्रेक्षकाचा हक्क नटाच्या घरातील शोकापर्यंत कसा पोहोचला होता, याचाही तो पुरावा आहे. 1913 मध्ये बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली. ‘स्वयंवर’ (1916) आणि ‘एकच प्याला’ (1919) यांनी बालगंधर्वांची लोकप्रियता कळसाला नेली. त्यांचे लुगडे नेसणे, केशरचना, दागिने यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. पुरुषाने उभ्या केलेल्या स्त्रीरूपाचे स्त्रियांनी केलेले हे अनुकरण स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आज जपानी गेममधील पात्रांचे पोशाख शिवून ते मेळाव्यांत मिरवणारे तरुण पाहून ज्यांना नवल वाटते, त्यांनी आपल्या पणजीच्या अंबाड्याची चौकशी करावी.

वन्समोअर

मराठी प्रेक्षकाची ‘गाचा’ कोणती होती? ती वन्समोअरची. पद आवडले की पुन्हा म्हणावयास लावायचे. नटाने थकव्याची पर्वा न करता म्हणावयाचे. प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबवायचा. तिकीट एकदाच काढलेले, पण मागणीला अंत नाही. गेममध्ये याच्या बरोबर उलटे घडते. मागणी चाहत्याची असली, तरी प्रत्येक मागणीमागे पैसे चाहत्यानेच मोजायचे आणि पुरवठ्याची शक्यता कंपनीने ठरवायची. मंडळीच्या जगात प्रेक्षकाच्या हौसेचा बोजा नटाच्या गळ्यावर आणि मालकाच्या तिजोरीवर पडे. बालगंधर्वांनी खरी अत्तरे, उंची पैठण्या, गालिचे यांवर केलेला खर्च प्रसिद्धच आहे. त्यातून झालेल्या कर्जाने त्यांचा पाठलाग केला. बोलपट आल्यावर मंडळीचे दिवस फिरले, आणि 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची भूमिका केली. पन्नाशी उलटल्यावरही ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत राहिले. त्या प्रयोगांना भक्तिभावाने जाणारे जसे होते, तसे हळहळून परतणारेही होते.

‘ए थ्री’ या जपानी गेमची कथा वाचताना मराठी वाचक थबकतो तो यामुळेच. तेथे ‘मानकाई’ नावाची एक नाटक कंपनी कर्जात बुडालेली आहे. संस्थापकाची मुलगी ती सावरायला घेते. वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत अशा चार गटांसाठी ती अननुभवी मुले गोळा करते. ती एकाच वसतिगृहात राहतात, भांडतात, जेवतात, तालमी करतात. कर्ज, बिऱ्हाड, पंगत, तालीम मास्तर असे सर्व घटक येथे आहेत. फरक इतकाच, की कल्पित कर्ज कथेत फेडले जाते. ते फेडण्याची कथा वाचण्यासाठी होणारा खर्च तेवढा खरा असतो.

आवाज फुटणे

दोन्ही जगांतील खरा भेद एका शारीरिक गोष्टीत आहे. मुलाचा आवाज फुटतो. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास स्वरयंत्र वाढते, गळा बेभरवशाचा होतो आणि काही महिने काय हाती लागेल याचा अंदाज कोणालाच नसतो. मंडळीच्या दृष्टीने ही गुंतवणुकीची कसोटी असे. ज्यांचा आवाज पुन्हा बसला, ते पुढे आले. भाऊराव कोल्हटकरांसारखे मोठे नट स्त्रीभूमिकांकडून पुरुषभूमिकांकडे वळले. छोटा गंधर्वांनी पुढे ‘सौभद्र’ व ‘सुवर्णतुला’ यांतील कृष्ण अजरामर केला. ज्यांचा आवाज बसला नाही, त्यांचे शालेय शिक्षण मंडळीबरोबर फिरण्यात आधीच सुटलेले असे आणि घर दूर राहिलेले असे. अशा मुलांची नावे जाहिरातींत नसत. पहिलवानाच्या बाबतीत हेच काम मोडलेला गुडघा करतो. फरक एवढाच की त्याला परतायला निदान शेत असते, आणि तेही पाऊस पडला तर.

गेममधील मुलाचा आवाज फुटत नाही. त्याला आवाज देणारा प्रौढ व्यावसायिक असतो आणि पात्राचे वय कंपनीच्या हाती असते. ‘एन्सेम्बल स्टार्स’ने 2020 मध्ये आपल्या कथेतील काळ एक वर्ष पुढे नेला, शेवटच्या वर्षाची मुले विद्यालयातून बाहेर पडली आणि कथा व्यावसायिक संस्थांच्या आवारात गेली. ही घटना चाहत्यांना मोठी वाटली यातच सर्व आले. एरवी या जगात वाढदिवस दरवर्षी साजरा होतो, वय मात्र वाढत नाही.

आता एक आक्षेप संभवतो. कल्पित मुलांना इजा होत नाही, तेव्हा हे गेम खऱ्या मुलांना राबवण्यापेक्षा निरुपद्रवी नव्हेत काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि जपानचा अलीकडील इतिहास त्याला बळ देतो. 1962 मध्ये स्थापन झालेल्या जॉनीज या संस्थेने पुरुष आयडॉलांच्या व्यवसायावर अनेक दशके प्रभुत्व गाजवले. ‘ज्युनिअर’ म्हणून दाखल होणारी मुले तेथे शिकत आणि मोठ्या गायकांच्या मागे नाचत. संस्थापक जॉनी कितागावा यांनी मुलांचे लैंगिक शोषण केल्याचे लेख ‘शूकान बुन्शुन’ या साप्ताहिकाने 1999 पासून छापले. 2003 मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने त्यांतील महत्त्वाचा भाग सत्य मानला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील अपील फेटाळले. तरीही मोठी वृत्तपत्रे व वाहिन्या जवळजवळ गप्प राहिल्या. कितागावा 2019 मध्ये सन्मानाने निवर्तले. 2023 च्या मार्चमध्ये बीबीसीचा माहितीपट आल्यानंतर पीडित पुढे आले, सप्टेंबरमध्ये संस्थेने शोषण झाल्याचे मान्य केले आणि ऑक्टोबरमध्ये तिचे नाव बदलून ‘स्माइल-अप’ झाले.

न्यायालयाचा निर्णय आणि संस्थेची कबुली यांच्यामध्ये सुमारे वीस वर्षे गेली. याच काळात आयडॉल-विद्यालयाच्या कल्पित कथा बहरल्या. त्यांनी वास्तव झाकले असा आरोप करणे अन्यायाचे होईल. ‘एन्सेम्बल स्टार्स’सारख्या कथेत सत्तेचा गैरवापर हा विषय येतोही. परंतु शिकणाऱ्या मुलाच्या अवतीभवती वसतिगृह, शिस्त, स्पर्धा, मालकाची मेहेरनजर असे जे वातावरण असते, ते प्रेक्षकाला इतके रम्य वाटते, की आत काय चालले आहे हे विचारण्याचे भान सुटते. मराठी मंडळ्यांच्या आठवणींतही बिऱ्हाडातील पंगतीची वर्णने पुष्कळ सापडतात. त्या पंगतीत बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला रात्री किती वाजता झोप मिळे, त्याला पगार कोणाच्या हाती मिळे, तो पळून गेल्यास काय होई, हे प्रश्न अभ्यासकांनी फारसे विचारलेले नाहीत. स्त्रीभूमिकांच्या सौंदर्यशास्त्रावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या दशांशानेही या मुलांच्या बालपणावर झालेली नाही. 1929 मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आपल्या मंडळीतून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडून करवून घेतल्या, 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ने तीच वाट रुंद केली. हे स्त्रियांच्या मुक्ततेचे टप्पे म्हणून योग्यच नोंदवले जातात. ते मुलग्यांच्याही सुटकेचे टप्पे होते.

दोन इमारती, दोन समाप्ती

कोल्हापुरात खासबाग मैदान आणि पूर्वीचे पॅलेस थिएटर एकमेकांना लागून आहेत. कुस्ती आणि नाटक या दोन्ही तालमींना आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांच्या काळातील या वास्तू. पॅलेस थिएटर 1915 चे. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. केशवराव 1921 च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्वांसमोर उभे राहिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारले. 8 ऑगस्ट 2024 रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी जळक्या भिंतींसमोर रंगकर्मी जमले, कारण जमण्यासाठी जागा उरली होती.

मोबाइल गेमची समाप्ती वेगळी असते. ‘उता नो प्रिन्ससामा’चा 2017 मध्ये निघालेला मोबाइल गेम 2022 मध्ये बंद झाला, ‘साइड एम’चा 2021 मधील नवा गेम 2023 मध्ये. काही आठवडे आधी सूचना दिली जाते आणि ठरलेल्या तारखेला कंपनीचे संगणक थांबतात. चाहत्याने पाच वर्षे जमवलेल्या पत्त्या, वाढवलेले अंक, उघडलेली कथाप्रकरणे त्यासरशी दिसेनाशी होतात, कारण करारानुसार त्या कधीच त्याच्या मालकीच्या नसतात. पात्रे मात्र कंपनीकडे सुखरूप राहतात. ती त्याच वयाची असतात, आणि पुढच्या गेममध्ये पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकू लागतात.